सांध्यावरचा आवाज

डी, आय, जे, के, आर, ए, एम, पी. रोमन लिपीतली ही आठ अक्षरं एका रांगेत लिहिली की डच भाषेत त्यांचे दोन शब्द होतात. ‘डाइक’ म्हणजे समुद्राला अडवून धरणारा बांध आणि ‘राम्प’ म्हणजे अनर्थ. डाइक-राम्प: बांध फुटून ओढवलेला अनर्थ. पण ‘डाइ’ म्हणजे मांडी आणि ‘क्राम्प’ म्हणजे स्नायूत येणारा गोळा. डाइ-क्राम्प: मांडीत आलेला गोळा. लिहिताना दोन्हींत काडीचा फरक नाही. मधला ‘क’ अलीकडच्या शब्दाचा की पलीकडच्या, एवढ्यावर सगळं ठरतं, आणि ते कागदावर कुठेच नोंदलेलं नसतं.

हा शब्द देवनागरीत उतरवायचा म्हटलं की लिहिणाऱ्याला आधी निवड करावी लागते. ‘क’ मोकळा ठेवायचा की ‘र’ला जोडून ‘क्र’ करायचा? रोमन लिपी हा निर्णय वाचणाऱ्यावर सोपवते, देवनागरीला तो टाळता येत नाही. नेदरलंड्समधल्या यूट्रेख्ट शहरात राहायला आल्यापासून मी नवे डच शब्द वहीत देवनागरीतच टिपत आले. ती वही भरत गेली तसं एक गोष्ट मनात पक्की होत गेली. डच माणूस जोडशब्द लिहिताना सांधा पार बुजवून टाकतो, पण बोलताना तोच सांधा जिवापाड जपतो. ही भाषा मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळली, ती यामुळेच.

शब्दाचा जो तुकडा आपण एका दमात उच्चारतो त्याला मराठी व्याकरणात ‘अक्षर’ म्हणतात. पण अक्षर म्हटलं की लिहिलेलं अक्षर डोळ्यांपुढे येतं, म्हणून इथे मी ‘उच्चारखंड’ म्हणते. डचमध्ये तो ‘लेटरख्रेप’. इथल्या शाळांत मुलं सहा-सात वर्षांची झाली की त्यांच्याकडून ‘हाकन एन प्लाकन’ करून घेतात: शब्द तोडायचा, आवाज सुटे करायचे, पुन्हा चिकटवायचा. ही करमणूक नव्हे. उच्चारखंड कुठे संपतो हे कळल्याशिवाय या भाषेत साधं अनेकवचनही नीट लिहिता येत नाही.

झाडाला डचमध्ये ‘बोम’ म्हणतात आणि त्यात ओ दोनदा लिहितात. झाडं म्हणजे ‘बोमन’, तिथे ओ एकदाच. बॉम्बला ‘बॉम’ म्हणतात, एम एकच. अनेक बॉम्ब झाले की ‘बॉमन’, तिथे एम दोन. वरवर पाहता लहर वाटते, पण कारण चोख आहे. खंड स्वरावर संपला, म्हणजे उघडा राहिला, तर त्यातला स्वर दीर्घ असतो. तो दीर्घ आहे हे सांगायला एकच अक्षर पुरतं: बो-मन. खंड व्यंजनानं मिटला तर एकट्या अक्षरानं लिहिलेला स्वर ऱ्हस्व वाचतात, म्हणूनच ‘बोम’चा दीर्घ स्वर दाखवायला ओ दोनदा लागतो. अनेकवचनात खंड मिटलाय हे दाखवायला व्यंजन दुप्पट लिहायचं: बॉम-मन. प्रत्यक्षात ‘म’ एकदाच उच्चारतात. ऱ्हस्व स्वराला खंडाचा शेवट उघडा सोडता येत नाही, म्हणून तो एकुलता ‘म’ दोन्ही खंडांना सामाईक राहतो. माझी मुलगी चौथ्या गटात (इथे शाळेच्या वर्गाला गट म्हणतात) असताना बाई मुलांना कागदावरचा तुकडा आणि तोंडातला तुकडा वेगळा शिकवत. तोंडातल्याला त्या ‘क्लांकख्रूप’ म्हणत, ध्वनींचा गट. कानाला ‘बॉ-मन’ ऐकू येतं, पहिल्या गटाच्या शेवटी आखूड आवाज लागतो, म्हणून पुढचं अक्षर दोनदा लिहा. सात वर्षांची मुलं हे ध्वनिशास्त्र टाळ्या वाजवत वाजवत आत्मसात करतात, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आपण वृत्तं शिकलो ती याहून फार दूरची नाहीत. ‘विद्या’ लिहिताना ‘वि’ आणि ‘द्या’ असे दोन तुकडे दिसतात, पण गण पाडताना ‘वि’ ऱ्हस्व असूनही गुरू धरायचा, कारण ‘द्या’मधल्या अर्ध्या ‘द’चा भार मागे येतो. मात्र ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो. व्याकरणाच्या पुस्तकात त्याचं कारण एका शब्दात दिलेलं असतं: आघात. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर ते गुरू, नाही आला तर लघु. शाळेत हा नियम घोकताना त्यातला ‘आघात’ मी कधी कान देऊन ऐकला नव्हता. बॉमन आणि बोमन शिकताना तो ऐकू आला.

खरी गंमत जोडशब्दात आहे.

हाताला डचमध्ये ‘हान्ट’ म्हणतात. लिहिताना शेवटी डी, उच्चारताना ट, कारण डच शब्दाच्या शेवटी ‘ड’, ‘ब’ यांसारखं घोष, म्हणजे कंठात घुमणारं, व्यंजन तोंडात टिकत नाही. हात अनेक झाले की ‘हान-डन’. ‘ड’ला पुढे स्वर मिळाला, तो पुढच्या खंडात जाऊन बसला आणि त्याचा घोष परत आला. आता हाच हान्ट आणि ‘आपल’, म्हणजे सफरचंद, यांचा जोडशब्द करा. नुसतं हातात घेऊन खाण्याच्या सफरचंदाला ‘हान्टआपल’ म्हणतात. पुढे ‘आ’ आहे, मघाच्या हिशेबानं ‘हान-डापल’ व्हायला हवं. होत नाही. हान्ट-आपल. संध्याकाळ ‘आव्हॉन्ट’, संध्याकाळी अनेक झाल्या की ‘आव्हॉन्डन’, पण संध्याकाळचं जेवण मात्र ‘आव्हॉन्ट-एटन’. पुढचा स्वर कितीही खुणावो, सांध्यावर उभं असलेलं व्यंजन आपलं घर सोडत नाही.

संस्कृतचे संस्कार झालेल्या कानाला हे उलटं वाटतं. जगत् आणि ईश एकत्र आले की जगदीश होतो: त चा द होतो आणि तो सरळ ‘ई’च्या मांडीवर जाऊन बसतो. देव आणि आलय यांचं देवालय झाल्यावर दोघांचा स्वर एकच होतो, कोणाचा किती ते विचारायची सोय राहत नाही. डचमध्ये एकत्र वाचले जाण्यासारखे दोन स्वर असे सांध्यावर भेटले तर त्यांच्यात आडवी रेघ मारतात. समुद्र ‘झे’, बदक ‘एन्ट’. समुद्री बदक लिहायचं तर चार ई सलग येतात, म्हणून झे-एन्ट. 1995च्या शुद्धलेखन सुधारणेआधी रेघेऐवजी दुसऱ्या शब्दाच्या पहिल्या ई वर दोन टिंबं देत. चिन्ह बदललं, पण दोन शब्दांचे स्वर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत हा आग्रह तोच राहिला.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा अगदी एकासारखी एक वागतात, आणि ते सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. खिसा ‘झाक’, कापड ‘डूक’, हातरुमाल ‘झाकडूक’. पण कुठलाही डच माणूस तो ‘झागडूक’ म्हणतो. वाक् आणि देवी यांची वाग्देवी होते, दिक् आणि गज यांचा दिग्गज होतो, तीच ही संधी: पुढच्या घोष व्यंजनानं मागच्या अघोषाला आपल्या बाजूला ओढलं. आणखी नवल असं की डचच्या मूळ शब्दांत आपल्या ‘ग’सारखा आवाज एरवी नाहीच. त्यांचं जी अक्षर घशातून ‘ख’च्या जवळपास घासत येतं. खरा ‘ग’ त्यांच्या जिभेवर येतो तो अशा सांध्यावरच, आणि आपण तो उच्चारतोय हे बहुतेकांच्या गावीही नसतं. फुटबॉलला ते ‘फुडबाल’ म्हणतात, टायला ‘स्ट्रॉबडास’, तरी लिहिताना टी आणि पी कायम. संस्कृतनं संधी लिहून ठेवली. डचनं ती फक्त तोंडात ठेवली, कारण त्यांच्या लेखनात प्रत्येक घटक शब्दाचं रूप शक्य तिथे तेच राहावं असा जुना दंडक आहे.

आता आघात. डचमध्ये त्याला ‘क्लेमटोन’ म्हणतात. डच जोडशब्द बहुतेक आपल्या तत्पुरुषासारखे असतात, उत्तरपद प्रधान. ‘झीकनहॉइस’मध्ये हॉइस म्हणजे घर, झीकन म्हणजे आजारी माणसं, वस्तू कोणती ते शेवटचं पद सांगतं, लिंगही तेच ठरवतं. पण आवाजाचा जोर पडतो पहिल्या पदावर: झी-कनहॉइस. अर्थाचा भार शेवटी, आवाजाचा भार सुरुवातीला. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार सोयीची वाटणी आहे असं मला वाटतं. घरं पुष्कळ असतात. यातलं कुठलं, ते सगळ्यात ठळकपणे आधी कानी पडतं.

आणि दुसऱ्या पदाचा आघात मरत नाही, फक्त खाली उतरतो. तोच तर सांध्याचा पुरावा. साध्या डच शब्दात आघात नसलेला ए पुष्कळदा विरून आपल्या ‘अ’सारखा होतो. एकाच स्पेलिंगचा शब्द ‘रेखन्ट’ म्हटला तर पाऊस पडतोय आणि ‘रेखेन्ट’ म्हटला तर राजाच्या वतीनं राज्य पाहणारा; ‘नेखरन’ म्हणजे छळणं आणि ‘नेखेरन’ म्हणजे दुर्लक्ष करणं. जोडशब्दातल्या दुसऱ्या पदाचा स्वर मात्र असा ढासळत नाही. ‘हॉइस’ झीकनच्या मागे उभा राहिला तरी त्याचा स्वर पूर्ण राहतो. म्हणून सावकाश ऐकलं तर तेहतीस अक्षरी शब्दाचीही भीती वाटत नाही. काम करायला असमर्थ झालेल्याच्या विम्याला ‘आर्बाइट्स-ऑनखस्खिक्टहाइट्स-फरझेकरिंग’ म्हणतात, सगळं एकसंध लिहून. ‘आर’वर मोठा ठोका, पुढे प्रत्येक घटकावर एक एक धाकटा ठोका. ठोके मोजत गेलं की शब्द आपण होऊन उलगडतो. कागदावर मात्र तो भिंतीसारखा उभा राहतो. ‘आंग्स्टस्ख्रेउ’, म्हणजे भीतीची किंकाळी, यात सलग आठ व्यंजनं लिहितात; पाचवं कुणाचं हे माहीत असल्याशिवाय वाचणार कसं?

या सगळ्याची जाण मला पुस्तकातून आली त्याहून जास्त आमच्या जिन्यातल्या एका वृद्ध शेजारणीमुळे आली. त्यांना मी मेव्राउ, म्हणजे बाई, म्हणते. त्या झेलंड प्रांतातल्या, स्खाउवन-डॉइव्हलंड बेटावरच्या. 31 जानेवारी 1953च्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली, 1 फेब्रुवारीच्या पहाटे बांध फुटले, आणि नेदरलंड्समध्ये 1836 माणसं गेली. मेव्राउ तेव्हा शाळकरी होत्या. त्या आपत्तीला डचमध्ये ‘वाटर्सनोटराम्प’ म्हणतात: वाटर, नोट, राम्प, पाणी, संकट, अनर्थ. नोटच्या शेवटी लिहितात डी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डी आणि आर जोडून ‘नोड्राम्प’ असं काहीतरी म्हणाले असेन. त्यांनी लगेच शब्द पुन्हा म्हणून दाखवला. ‘वा’वर जोर, ‘नोट’चा ट खणखणीत मिटलेला, मग ‘राम्प’. व्याकरणाचा एकही शब्द त्यांनी काढला नाही. उलट कुठल्या बांधाला आधी भगदाड पडलं, कोण कौलांवर चढून बसलं, याच गोष्टी सांगत राहिल्या, आणि त्या सांगण्यात बांध, भरती, पाणी, पंप, सगळ्यांचे जोडशब्द एकामागून एक येत गेले. त्या दिवशी मी वहीत जेवढे शब्द टिपले तेवढे कुठल्याच वर्गात टिपले नाहीत.

पुढे त्यांच्याबरोबर त्याच बेटावरच्या आउवरकेर्क गावाला गेले. शेवटचं भगदाड नोव्हेंबर 1953मध्ये जिथे बुजवलं तिथे त्यासाठी बुडवलेल्या चार अजस्र काँक्रीटच्या पेट्या अजून आहेत, आणि त्यांच्यातच आता संग्रहालय आहे. तिथून पुढे ऑस्टरस्खेल्ड खाडीच्या मुखावरचा अडसर पाहिला, 1986 साली खुला झालेला. अशा अडसराला ‘स्टॉर्मफ्लूटकेरिंग’ म्हणतात. स्टॉर्म वादळ, फ्लूट भरती, केरिंग परतवणं. आधी स्टॉर्म आणि फ्लूट यांचा जोड झाला, मग त्या जोडाला केरिंग लागलं, पण मुख्य ठोका हलला नाही, तो ‘स्टॉर्म’वरच. तीन पदं, तीन खणखणीत आवाज. ‘म’ आणि ‘फ’ यांच्यात जीभ किंचित ठेचकाळते आणि तिथेच वादळ संपून भरती सुरू होते.

आता अपवाद. ते नसते तर हा विषय इतका जिवंत राहिला नसता. नगरपालिकेची इमारत म्हणजे ‘स्टाटहॉइस’. स्टाट म्हणजे शहर, रचना झीकनहॉइससारखीच, पण आघात ‘हॉइस’वर. महापौराला ‘बुर्खमेस्टर’ म्हणतात, आघात ‘मेस्’वर. नोव्हेंबरात मुलं ज्याची वाट पाहतात तो सिंटरक्लास, आघात ‘क्लास’वर. रस्त्यांच्या नावांत तर सरळ फाळणी आहे. शेवटी ‘स्ट्राट’ म्हणजे रस्ता आला की आघात आधीच्या पदावर जातो: काल्व्हरस्ट्राट, लाइत्सेस्ट्राट. पण ‘प्लाइन’ म्हणजे चौक असेल तर तो पुष्कळदा स्वतःवर आघात घेतो: लाइत्सेप्लाइन. अॅमस्टरडॅमचे कालवेही तसेच. हेरनख्राख्ट, काइझर्सख्राख्ट, प्रिन्सनख्राख्ट, सगळ्यांत जोर शेवटच्या ‘ख्राख्ट’वर. स्ट्राटचंच वेगळं का? इतकी रोजच्या पायाखालची चीज स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, असं मला वाटतं. इंग्रजीतही स्ट्रीट आणि अॅव्हेन्यू यांच्यात हाच भेद आहे.

गावांच्या नावांत आपण मराठी माणसं चटकन ओळखू येतो. आपण ‘अॅमस्टरडॅम’ म्हणतो, पहिल्या ‘अॅ’वर जोर देऊन किंवा सगळं सपाट. इथे ‘आम्स्टरडाम’, जोर शेवटच्या ‘डाम’वर. आम्स्टल नदीवरचा तो डाम, म्हणजे बांध, नावात अजून शाबूत आहे. 1275च्या जकातमाफीच्या सनदेत तो ‘आमेस्टेलेडामे’ म्हणून दिसतो. रॉटरडाम, फोलनडाम, स्खीडाम, सगळीकडे बांधावरच ठोका. भारतीय वस्ती दाट असलेलं आम्स्टलफेन ‘फेन’वर आघात घेतं आणि दुसरं तसंच शहर आइंटहोफन मात्र ‘आइंट’वर. आणि माझं यूट्रेख्ट! ट्रेख्ट आणि मास्ट्रिख्टमधलं ट्रिख्ट, दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले, नदी ओलांडण्याची जागा अशा अर्थाच्या. एका गावात आघात पहिल्या ‘यू’वर, दुसऱ्यात शेवटच्या ‘ट्रिख्ट’वर. इथे नियम शोधण्यापेक्षा स्टेशनवरची घोषणा कान देऊन ऐकावी.

सांध्यावर कधी कधी एखादा जास्तीचा आवाजही येतो, आणि त्यावरून या शांत देशात बराच कलह झालेला आहे. ‘पानेकूक’ म्हणजे पॅनमध्ये भाजलेलं जाडसर धिरडं. 1995च्या सुधारणेनं त्यात मधे एक एन घातला. पॅनचं अनेकवचन एन लावून होतं म्हणून. उच्चारात तो बहुतेकांच्या येत नाही. ‘झोनेस्खाइन’ म्हणजे सूर्यप्रकाश, त्यात एन नाही, कारण सूर्य एकच आहे. 2005मध्ये नियम पुन्हा सुधारले, तेव्हा काही मोठ्या वृत्तपत्रांनी शुद्धलेखनाच्या सरकारी ‘हिरव्या पुस्तका’कडे पाठ फिरवून 2006च्या बिगरसरकारी ‘पांढऱ्या पुस्तका’चे नियम धरले. माझं मत विचाराल तर जो आवाज तोंडात नाही तो सांध्यावर लिहिण्यात काही हशील नाही.

ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा हा प्रश्न संगणकही रोज सोडवतो. फ्रँकलिन लियांगनं 1983 साली स्टॅनफर्डच्या प्रबंधात दिलेली रीत अजून वापरात आहे: अक्षरांच्या छोट्या गटांमध्ये आकडे पेरायचे, विषम आकडा म्हणजे तोडा, सम म्हणजे तोडू नका. ती कमालीची चालते. पण ‘क्वार्टस्लाखन’ तिच्यापुढे ठेवा. क्वार्ट-स्लाखन म्हणजे पाव वळसे, क्वार्ट्स-लाखन म्हणजे स्फटिकाचे थर. अक्षरं मोजून हे कुणालाच कळणार नाही. विषय किल्ली फिरवण्याचा आहे की खडकांचा, हे माहीत असलेला माणूसच तो शब्द तोडू शकतो.

प्रत्यय लागल्यावर आघात कसा सरकतो तेही ऐकण्यासारखं आहे. ‘नोटलॉट’ म्हणजे कपाळी लिहिलेलं, आघात ‘नोट’वर. त्याचं विशेषण केलं, ‘नोटलॉटख’, म्हणजे घातक, की आघात ‘लॉट’वर जातो. लक्ष म्हणजे ‘आनडाख्ट’, जोर ‘आन’वर, लक्षपूर्वक म्हणजे ‘आनडाख्टख’, जोर ‘डाख्’वर. एवढासा प्रत्यय मागून येतो आणि ठोका आपल्या शेजारी ओढून घेतो.

मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती क्रियापदांची. ‘फोर’ आणि ‘कोमन’ मिळून ‘फोरकोमन’ होतं. ‘फोर’वर आघात दिला तर अर्थ ‘आढळणं, घडणं’, आणि वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात: कॉम्ट फोर. ‘को’वर आघात दिला तर अर्थ ‘टाळणं, होऊ न देणं’, आणि तुकडे होत नाहीत: फोरकॉम्ट. वाक्यात क्रियापद चालवलं की घोटाळा मिटतो. पण त्याचं नाम केलं की दोन्ही रूपं एकच होतात. ‘हेट फोरकोमन फान झीक्टन’ या चार शब्दांचा अर्थ ‘रोगांचं आढळणं’ असाही होतो आणि ‘रोगांना आळा घालणं’ असाही. एकाच अक्षररांगेत परस्परविरुद्ध अर्थ, आणि निवाडा करणारा आघात छापलेला नाही.

गावातल्या वाचनालयातल्या टालकाफेत, म्हणजे डच बोलण्याचा सराव करायच्या बैठकीत, मी स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे नव्यानं आलेली माणसं दवाखान्यातली, औषधांच्या दुकानातली पत्रकं घेऊन येतात, कारण त्यांना तीच रोज वाचावी लागतात. हा शब्द आला की मी त्यांना वाक्य मोठ्यानं वाचायला लावते, आधी ‘फोर’वर जोर देऊन, मग ‘को’वर, आणि विचारते, आजार होतोय की टळतोय? डच लेखनात यावर उपाय आहे, नवा शोधायला नको. आघाताच्या स्वरावर तिरकी रेघ देता येते आणि अशा जोडीत ती देणं नियमाला धरूनच आहे. शब्दकोशांत ती दिसते, काळजीपूर्वक लिहिलेल्या लेखांत दिसते. ज्या पत्रकांवर लोकांच्या प्रकृतीचं बरंवाईट अवलंबून आहे तिथे ती क्वचितच दिसते, म्हणून हल्ली मी टालकाफेत वाटायच्या पत्रकांवर ती पेननं स्वतः काढते, फोरच्या दोन्ही ओ वर दोन रेघा, किंवा कोमनच्या ओ वर एक, आणि ती छापणाऱ्यांनीच काढावी असं पत्र पाठवायला त्या माणसांना मदत करते.